अधांतरी पृथ्वी

५ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसात साहेबांच्या टेबलावर नवीन शोपीस. हवेत तरंगणारा चंद्र. खाली डबी, वर चंद्र, मध्ये काही नाही. सगळे आ वासून बघत होते. मी सहज बोलून गेलो की यात काय मोठंसं, लोहचुंबक एकमेकांवर उलटे धरले की झालं, मी घरी करून दाखवतो. साहेब म्हणाले, करा, पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी चहाला येतो बघायला.

चंद्र फारच किरकोळ. मी पृथ्वी तरंगवणार. आजपासून रोज एक तास. आज दमलोय. उद्यापासून.

८ फेब्रुवारी, गुरुवार

चुंबकांचं पार्सल आलं. दिसायला बटणं, अंगात राक्षस. दोन चिकटले ते सोडवताना नख गेलं. ही म्हणाली, आधी बाथरूमचा गळका नळ बघा. नळ काय, कुणीही बघेल. पृथ्वी कोण बघणार?

प्लास्टिकच्या चेंडूत एक चुंबक कोंबून त्याला निळा रंग दिला. खंड नंतर काढेन. तूर्त सगळा महासागर.

१० फेब्रुवारी, शनिवार

प्रयोग पहिला. पृथ्वी तरंगली. निदान मला तसं वाटलं. मग गिरकी घेऊन उताणी पडली. दुसऱ्या वेळी उडाली ती थेट फ्रिजला जाऊन चिकटली. म्हणजे तत्त्व सिद्ध झालं, फक्त जागा चुकतेय.

पसाऱ्यावरून हिचा आरडाओरडा. सगळे चुंबक टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये लोटले. सासरे झोपताना आपलं चावीचं घड्याळ तिथेच काढून ठेवतात. ठेवू देत. ड्रॉवर ऐसपैस आहे.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

सासऱ्यांनी स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ पुढे केलं. म्हणाले, मागे पडलंय. आयुष्यभर डेपोतल्या बसगाड्या त्यांनी मनगटावरच्या या घड्याळावर सोडल्या. त्यांच्यापुढे भिंतीची काय टाप?

मी ऑफिसात सगळ्यांच्या आधी हजर. शिपाई कुलूप उघडत होता. साहेब म्हणाले, वा, सुधारणा आहे. मलाही स्वतःत फरक जाणवतोच आहे.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

पृथ्वी काही केल्या ठरेना, म्हणून पार्सलमधला सूचनांचा कागद शेवटी वाचला. बारीक अक्षरात: चावीचं घड्याळ चुंबकाजवळ ठेवू नये. आतल्या स्प्रिंगमध्ये चुंबकत्व उतरतं आणि घड्याळ पुढे पळतं. दुरुस्तीवाल्याकडून ते काढून घ्यावं लागतं.

दोनदा वाचला. मग घडी घालून शर्टाच्या खिशात.

चुंबक ताबडतोब माळ्यावर टाकले. कारण दूर केलं की परिणामही आपोआप दूर होईल. कागदवाले उगाच घाबरवतात.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

परिणाम दूर झालेला नाही.

हिने बाबांना मोबाइलवरची वेळ दाखवली. सासऱ्यांनी चष्मा लावून ती बघितली. मग म्हणाले, ‘घड्याळ नाही चुकत गं. मीच चावी देऊन विसरतो, काटे भलतीकडेच फिरवून ठेवतो.’ मनगटावरचं घड्याळ मोबाइलशी जुळवलं, स्टुलावर चढून भिंतीवरचं मागे केलं. स्टूल मी धरलं. तेवढी तरी मदत केली.

सांगून टाकणार होतो. पण नुसतं सांगण्यापेक्षा तरंगती पृथ्वी समोर ठेवून सांगितलं तर त्यांनाही बरं वाटेल, एका चांगल्या कामासाठी झालं म्हणून. रविवारी सांगेन.

१७ फेब्रुवारी, शनिवार

सासरे वाचनालय सांभाळतात. बिनपगारी, पण किल्ली त्यांच्याकडे, आणि त्यांना तिचा भारी अभिमान. आज त्यांनी वेळ झाली म्हणून वाचकांना बाहेर काढून कुलूप लावलं. वेळ झालेली नव्हती. एक बाई आत कपाटांमागे राहिल्या. खिडकीतून हाका मारत होत्या. सासऱ्यांनी परत जाऊन उघडलं, हात जोडून माफी मागितली. घरी येऊन जेवले नाहीत.

मीही एक पोळी कमी खाल्ली.

१८ फेब्रुवारी, रविवार

साहेब येऊन गेले. चुंबक माळ्यावरून परत काढले, तरी सकाळपर्यंत पृथ्वी तरंगायला राजी नव्हती. शेवटी छताच्या हुकाला नायलॉनचा बारीक दोरा बांधून ती लटकवली. खाली डबी ठेवली. लांबून बघितलं तर अप्रतिम. खंड राहिलेच.

साहेबांनी पंखा लावायला सांगितलं. पृथ्वी झोके घ्यायला लागली. साहेब उठून जवळ येणार, तेवढ्यात सासरे चहाचा ट्रे घेऊन मध्ये उभे राहिले. ‘आधी चहा, निवेल.’ मग डेपोतल्या गोष्टी सुरू केल्या. एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. साहेब पोट धरून हसले आणि पृथ्वीकडे न बघताच गेले.

सासरे मला हळूच म्हणाले, दोरा चकाकत होता, जावईबापू, म्हणून आड आलो.

आज सांगायचं होतं. पण त्यांनी माझी अब्रू राखली त्याच दिवशी? बरं दिसलं नसतं.

२० फेब्रुवारी, मंगळवार

सासऱ्यांनी वाचनालयाची किल्ली परत केली. म्हणाले, माझ्या हातून काही भलतंच व्हायच्या आत. घड्याळ मला देऊ लागले, तुम्ही वापरा, तुमचा वक्तशीरपणा वाढलाय म्हणे. मी घेतलं नाही. तर त्यांनी ते रुमालात गुंडाळून कपाटात ठेवून दिलं.

ही स्वयंपाकघरात रडत होती. म्हणाली, उद्या बाबांना डॉक्टरकडे नेते, मेंदूच्या. मी म्हटलं, एवढ्यात कशाला. ती म्हणाली, ‘तुम्हाला काय, तुमचे वडील नाहीत ते.’

२१ फेब्रुवारी, बुधवार

ते चपला घालत होते, ही रिक्षा बघायला खाली गेली होती. मी कागद काढून त्यांच्या हातात दिला. माझ्यामुळे झालं म्हणालो. ड्रॉवर, चुंबक, स्प्रिंग, सगळं सांगितलं.

सासरे खुर्चीत बसले. चष्मा लावून कागद वाचला. मग पहिलं वाक्य: ‘म्हणजे मी ठीक आहे?’

मी म्हटलं, तुम्ही अगदी ठीक आहात.

त्यांनी डोळे पुसले. मला वाटलं आता बोलतील, चांगलं फैलावर घेतील. घ्यायलाच हवं होतं. ते फक्त म्हणाले, ‘तुम्हाला कधी कळलं?’

मी म्हणालो, आत्ताच. सकाळी. कागद पहिल्यांदाच वाचला.

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. ‘कळल्या कळल्या सांगितलंत. दुसरा कुणी असता तर लपवून ठेवलं असतं.’

छे, लपवायचं कशाला, असं मी म्हणालो.

तेवढ्यात ही वर आली. त्यांनी तिला पहिलं हेच सांगितलं, की तुझा नवरा फार सरळ माणूस आहे. तिने कागद हातात घेतला. तो खिशात राहून घड्यांवर फाटायला आला होता. तिने घड्या बघितल्या. मग माझ्याकडे बघितलं. बाबांना घेऊन घड्याळाच्या दुकानात गेली.

मी घरीच थांबलो. नळ दुरुस्त करायला घेतला. आता सगळं पाणी बाहेर येतंय.