पावणेदोन इंचाचा पाइप

पेरुंगुडी, चेन्नई
सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

चि. शमूस,

बाबाचे आशीर्वाद. आम्ही दोघे ठणठणीत आहोत. तूही तशीच असशील असे धरून चालतो, कारण काल फोनवर तू आईजवळ चाळीस मिनिटे ऑफिसच्या कँटीनमधल्या पोंगलला नावे ठेवत होतीस. आजारी माणसाला एवढा दम नसतो.

पेरुंगुडीहून सिरुसेरीला, तासाभराच्या अंतरावर पत्र, तेही हाताने लिहिलेले, म्हणून हसशील. खुशाल हस. पण फोनवर मला बोलता येत नाही. म्हणजे बोलता फार येते, तीच तर अडचण आहे. मी काहीतरी विनोद करतो, तू हसतेस, मग आई फोन काढून घेते आणि माझे सांगायचे राहून जाते. बुधवारी आई बसने तुझ्याकडे येणार आहे, तिच्या हाती हे देतो. सोबत मुरुक्कूचा डबा आहे. आधी पत्र वाच, मग डबा उघड.

नवरात्र छान झाले. आईने यंदा गोलूच्या बाहुल्यांसाठी सात पायऱ्या मांडल्या. बाहुल्या कमी पडल्या म्हणून सहाव्या पायरीवर मुरुगनच्या शेजारी माझा एक जुना स्पार्क प्लग बसवला, वर त्याला कुंकू. मी म्हटले, हे काय? तर म्हणाली, "इतकी वर्षं घर चालवलं की हो त्यानं, बसू दे." तंजावरच्या बाईशी वाद घालून मी एकतीस वर्षांत एकदाही जिंकलेलो नाही.

आयुधपूजेला आपल्या गॅरेजच्या शेडमध्ये गर्दी होती. पाने, वेल्डिंगचे मशीन, ग्राइंडर, सगळ्यांना चंदन लावले. पाणी शिंपडायला तू नव्हतीस, म्हणून मीच शिंपडले आणि ग्राइंडरच्या मोटारीत घातले. शिर्क्यांचा रणवीर आपली गाडी घेऊन आला होता. हो, तीच गाडी. चाकांखाली चार लिंबे ठेवली, तीन चिरडली आणि चौथे निसटून गटारात गेले. रणवीर म्हणाला, "अंकल, ही गाडी लिंबू दाबत नाही, पळणार काय!" सगळे हसले, मीही हसलो. ब्रेक बघायला म्हणून गाडी माझ्याकडेच ठेवून तो गेला.

आता दुसरे. आईकडून कळले की ओरगडमच्या त्या इंजिन-चाचणीच्या प्रयोगशाळेने तुला नोकरी देऊ केली आहे आणि तू शुक्रवारी नाही म्हणून कळवणार आहेस. कारण विचारले तर म्हणालीस म्हणे, "आई, माझं गणित कागदावर चालतं, इंजिनात चालत नाही." हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. त्याबद्दलच लिहायचे आहे, पण आधी एक जुनी गोष्ट सांगतो. कंटाळू नकोस, ही तू ऐकलेली नाहीस. म्हणजे ऐकली आहेस, पण अर्धीच.

आवडी गावच्या कारखान्यात नोकरीला लागून मला चारेक वर्षे झाली असतील, तेव्हा माझ्या जुन्या कार्ब्युरेटरच्या मोटारीला मी लॉरीचा जाडजूड पाइप बसवला. वाटले, धूर मोकळा सुटेल, गाडी उडेल. ती परंगीमलैच्या चढावर अशी धापा टाकू लागली की मागून सायकलवाला पुढे गेला. मी त्याच दिवशी निष्कर्ष काढला: इंजिनाला बॅक-प्रेशर लागते, धुराने थोडे मागे रेटल्याशिवाय ताकद येत नाही. तेव्हापासून शेडमध्ये येईल त्याला मी हेच सांगत आलो. चहा पाजून सांगत आलो.

न सांगितलेली अर्धी गोष्ट अशी, की पाइप मोकळा केल्यावर इंजिन जास्त हवा घेते, म्हणून पेट्रोलही जास्त लागते. त्यासाठी कार्ब्युरेटरचा पेट्रोल सोडणारा जेट बदलायला हवा होता. मी बदलला नव्हता. गाडी पेट्रोलवाचून उपाशी होती. शिवाय पाइप वाजवीपेक्षा मोठा होता, हे वेगळेच. पाच-सहा वर्षांनी हे माझ्या लक्षात आले, पण तोवर बॅक-प्रेशरवाला सबनीस म्हणून आवडी ते अड्यार माझे नाव झाले होते. नाव झालेल्या माणसाला चूक कबूल करणे जड जाते. हळूहळू मी स्वतःही विसरलो की ती चूक होती.

मग दोन वर्षांपूर्वी तू रणवीरच्या गाडीचा पाइप करायला घेतलास. शेडच्या पाटीवर "सबनीस आणि कन्या" लिहायचे ठरले होते, रंगाचा डबाही आणला होता. रणवीरला अडीच इंची पाइप हवा होता, आवाजासाठी. तू त्याला सांगितलेस, "आवाज येईल, पण मोठ्या पायपात धूर रेंगाळतो. इंजिनाच्या कमी फेऱ्यांना गाडी मरगळेल." मला दीड इंची हवा होता. मला म्हणालीस, "बाबा, इंजिनाला मागून रेटणारं कुणी नको असतं. धुराचा वेग राहिला की पुढचा झोत मागच्याला ओढून नेतो. बेताचा पाइप हवा. पावणेदोन." आणि वहीत आकडा लिहिलास, ब्याण्णव अश्वशक्ती. शेडमध्ये तीन गिऱ्हाईके बसली होती. माझीच मुलगी माझाच चहा पीत माझे तत्त्वज्ञान मोडीत काढत होती, आणि ते तिघे तुझ्याकडे बघून माना डोलवत होते.

पुढचे तुला ठाऊक आहे. स्पर्धेआधी ताकद मोजायचे रोलर मशीन बंद होते, मोजता आले नाही. ट्रॅकवर गाडी शेवटून दुसरी आली. नंतर मोजली तर एकोणऐंशी. रणवीर चारचौघांत नको ते बोलला. मी बाजूला शहाळे पीत उभा होतो आणि तुला म्हणालो, "अनुभव लागतो गं." सहा महिन्यांत तू सिरुसेरीला गेलीस.

गेल्या गुरुवारची गोष्ट. सरस्वतीपूजेला आईने माझ्या मॅन्युअलांबरोबर तुझी ती निळी वहीही देवापुढे ठेवली होती. विजयादशमीला पुस्तके उचलून एक तरी पान वाचायचे, हा तिचा माहेरचा नेम. मी सुटायला बघत होतो, पण तिने वही हातात दिली. "तुम्हीच वाचा."

मी शेवटचे पान उघडले, लवकर आटपेल म्हणून. त्यावर तेच गणित होते. मागच्या पानावरही तेच, त्याच्या मागेही तेच. स्पर्धेनंतरच्या तारखा घालून तू ते अकरा वेळा सोडवले आहेस. अकराही वेळा उत्तर ब्याण्णव. खाली लिहिले आहेस, "मग कुठे चुकते आहे?"

शमू, तू कुठेच चुकत नव्हतीस. स्पर्धेच्या आदल्या दुपारी तू कोवलमला मैत्रिणीकडे गेली होतीस. मी पायपाचा जोड उघडला, आतल्या गॅस्केटला चिकटून एक पत्रा घातला आणि बोल्ट पुन्हा आवळले. पत्र्याला मधे अठ्ठावीस मिलिमीटरचे भोक होते. बाहेरून काही दिसत नाही. मला वाटले, जरा बॅक-प्रेशर मिळेल, गाडी जिंकेल आणि मग हसत हसत तुला सांगेन. असे मी स्वतःला सांगत आलो. खरे हे, की माझे म्हणणे खरे ठरावे असे मला वाटत होते. आणि गाडी हरली तेव्हा माझ्याच पत्र्याने ती हरली हे मला त्याच क्षणी कळले होते. तरी मी शहाळे पीत राहिलो.

तुझी ती अकरा गणिते बघून मी रडलो. आईने विचारले तेव्हा तिला सगळे सांगितले. ती दोन दिवस माझ्याशी फक्त तमिळमध्ये बोलली, त्यावरून काय ते समज. शेवटी म्हणाली, "पोदुम, पुरे झालं. मला सांगून काय होतंय? पोरीला सांगा की."

शनिवारी रणवीरच्या गाडीतून तो पत्रा काढला. काजळीने काळाकुट्ट झाला होता. बाकी कशाला हात लावला नाही. तसाच रोलर मशीनवर गेलो आणि तीनदा मोजले. एक्क्याण्णव, ब्याण्णव, ब्याण्णव. मशीनवाला अद्वय म्हणाला, "सार, पाइप कोणी केला?" मी तुझे नाव सांगितले. सांगताना किती बरे वाटले, आणि किती वाईट.

काल रणवीरला बोलावून त्याच्यापुढे कबूल केले. आधी तो हसला, त्याला वाटले मी गंमत करतो आहे. मग म्हणाला, "अंकल, मी दोन वर्षं तिला एक फोनसुद्धा केला नाही." तो तुला फोन करणार आहे. उचल किंवा नको उचलूस, तुझी मर्जी. मशीनच्या तिन्ही छापील कागदांवर मी सही केली आहे, सोबत जोडले आहेत.

तू शेडमध्ये परत यावेस असे म्हणायचा मला हक्क राहिलेला नाही, म्हणून म्हणत नाही. ओरगडमला जा, एवढेच मागणे आहे. शुक्रवारपर्यंत वेळ आहे. ती जागा चांगली आहे. दारावर पहारा असतो, ओळखपत्राशिवाय कुणाला आत सोडत नाहीत. बापालाही नाही.

माझ्यावर रागाव. हवे तितके दिवस रागाव, मी थांबेन. पण त्या लोकांना हो म्हणून कळव, आणि मग रागाव.

तुझ्या कामाला यापुढे कधीही हात न लावणारा,
तुझा बाबा
उमाकांत सबनीस