मेनूकार्डाचं पहिलं पान

इंद्रपुरी, भोपाळ
१४ सप्टेंबर २०२५

चि. सौ. अबोलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

रोज फोनवर बोलतो आपण, मग आई आज कागद-पेन घेऊन का बसली असं तुला वाटेल. हे फोनवर बोलता येईना. चार वेळा सुरुवात केली आणि चारही वेळा तू जेवलीस का, वरुणरावांचा खोकला कसा आहे, एवढंच विचारून फोन ठेवला. शिवाय तुझे बाबा शेजारच्या खुर्चीतच बसलेले असतात.

मंजूषाकाकूच्या हॉटेलच्या उद्घाटनाचे फोटो तू पाहिलेसच. अरेरा कॉलनीत, दोन मजली, बाहेर वेताचे दिवे. 'कांपुंग' हे नाव मी सुचवलेलं. मलय भाषेत कांपुंग म्हणजे गाव, हे तिला कुठून ठाऊक असणार! गेलं वर्षभर दर मंगळवारी ती चार इमलीच्या सरकारी बंगल्यातून गाडी काढून आपल्या क्वार्टरवजा घरात यायची आणि मी तिला शिकवायची. नारळाच्या दुधात शिजवलेला भात म्हणजे नासी लेमाक, त्याच्या शेजारचं मिरचीचं तिखटजाळ सांबाल, शेवयांचा रस्सेदार लाक्सा, तव्यावर पदर सुटलेली रोटी चनाई. मूळचं मटणाचं रेन्डांग तर मी इथल्या लोकांसाठी सोयाबीनच्या वड्यांचं बसवून दिलं. त्यासाठी सहा वेळा कढई करपवली. हॉटेल दोघींचं म्हणायचं, असं तिनेच ठरवलं होतं. उद्घाटनाला मात्र पाहुण्यांना माझी ओळख करून दिली ती 'हमारी भाभी, मदद करती हैं' अशी. तेही मी गिळलं असतं गं.

पण मग टेबलावर मेनूकार्ड आलं. पहिल्या पानावर मंजूषाचा फोटो आणि खाली तिची म्हणून एक हकीकत. लग्नानंतर लवकरच ती मलेशियात होती म्हणे. तिथे तिचं बाळ पोटातच गेलं. ती चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडली होती, आणि झलेहा नावाच्या शेजारणीने आलं-लसूण घातलेली भाताची पेज आणून चमच्याने भरवली. तिथून पुढे हे सगळं शिकले, असं लिहिलंय. शेवटी त्या पेजेचं नाव, 'मंजूषा का बुबुर'.

अबोली, ते बाळ माझं होतं.

तुझ्या बाबांना कारखान्याने मलेशियातल्या इपोहच्या वीजकेंद्रावर पाठवलं तेव्हा तू तीन वर्षांची होतीस. आपण तिथे तीन वर्षं राहिलो. १९९८च्या जुलैत, सातव्या महिन्यात, तुझी बहीण गेली. तुला आठवडाभर झलेहाच्या घरी ठेवलं होतं, आणि तू मोठी झाल्यावर त्या आठवड्याला 'सुट्टी' म्हणायचीस. आम्ही तुला कधी सांगितलं नाही. बाबा आणि मीसुद्धा एकमेकांत कधी बोललो नाही. गेल्या वर्षी पेज ढवळताना माझे डोळे भरून आले, मंजूषाने कारण विचारलं, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी ते कुणाला तरी सांगितलं. तिने माझा हात धरून ठेवला होता.

ती मलेशियाला गेली ती २०१९ साली, आठ दिवसांच्या टूरवर. पण चार इमलीत दर तीन वर्षांनी शेजारी बदलतात. कोण कधी कुठे होतं हे तिथे कुणाला ठाऊक? यशवंतभावजींना बायकोचं सगळं ठाऊक आहे, तरी ते खाली मान घालून जेवत राहिले.

आजपर्यंत मी सोसलं ते सोडून दिलं. हे सोडणार नाही. तिला चार बायकांसमोर खाली पाहायला लावीन, मगच गप्प बसेन. कसं ते अजून ठरलेलं नाही.

या वेळी आईला शांत राहायला सांगू नकोस, एवढाच लोभ ठेव.

तुझी,
आई

*

क्वालालंपूर
३ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र काल आलं. ऑफिसला दांडी मारली. वरुणने काय झालं विचारलं तर मी नुसतं पत्र त्याच्या हातात दिलं. त्यानेच गाडी काढली आणि आम्ही सरळ इपोहला गेलो.

जुना पत्ता मी तुझ्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लहानपणी हजारदा वाचलाय. शेजारचं घर सापडलं, पण आई, झलेहामावशी नाहीत. चार वर्षांपूर्वी गेल्या. दार त्यांच्या मुलीने, नोराने उघडलं. मी तुझं नाव घेतलं आणि तिने मला आतच ओढलं. तिला सगळं आठवतं. मी त्या आठवड्यात रोज तिच्या बाहुल्यांचे केस कापायचे, हेही. (त्याबद्दल मी सत्तावीस वर्षांनी सॉरी म्हटलं. मान्य झालेलं नाही.)

आधी ती आम्हाला कोपऱ्यावरच्या टपरीवर घेऊन गेली. केळीच्या पानातली गरम नासी लेमाकची पुडी, वर कुरकुरीत सुकी मासळी, शेंगदाणे, काकडीच्या चकत्या आणि डोळ्यांतून पाणी काढणारं सांबाल. वरुणने तीन पुड्या संपवल्या आणि तुझ्या हातचं सांबाल जास्त झणझणीत असल्याचं जाहीर केलं. जावई म्हणून ते बोलणं त्याला भाग आहे, तरी ते खरं आहे. मग नोराने घरी येऊन बुबुर केलं. तिच्या आईचे त्यात दोन नियम होते म्हणे. पांढरी मिरी अगदी शेवटी घालायची, आणि खाणाऱ्याचं भांडं रिकामं होईपर्यंत शेजारून उठायचं नाही. मी ते खाल्लं आणि तिच्या स्वयंपाकघरात भोकाड पसरून रडले. मला बहीण होती, आई. मी तिच्याशी भांडले असते, तिचे कपडे ढापले असते.

काकूने काय केलंय ते मी नोराला सांगितलं. ती म्हणाली की रेसिपी कुणीही न्यावी, आई वाटतच फिरायची. पण जी बाई त्या घरात एकदाही आली नाही तिने तिच्या आईचा हात आपल्या तोंडापर्यंत आला असं लिहायचं, हे तिला सहन होत नाही.

मी तुला शांत राहायला सांगणार नाही. उलट सांगते, फॅमिली ग्रुपवर भांडू नकोस, तिथे काकू रडके इमोजी टाकेल आणि सगळे तुलाच समजावतील. जे करायचं ते समोर कर, आणि तिच्याच माणसांत कर. माझ्या वाटणीचं एखादं वाक्य जादा सुनाव.

बाबांना माझा नमस्कार. तुझ्यावर माया आहेच, आज जरा अभिमानही वाटतोय. दोन्ही ठेवून घे.

तुझी,
अबोली

*

इंद्रपुरी, भोपाळ
९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. अबोलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

झलेहा गेल्याचं वाचून दोन दिवस हात चालला नाही. मग चालला, आणि चांगलाच चालला.

झालं असं की मंजूषानेच फोन केला. गुरुवारी दुपारी 'कांपुंग'मध्ये चार इमलीतल्या बायकांची मोठी किटी पार्टी होती. सगळ्यांना ती प्रसिद्ध पेज हवी होती, आणि तिच्या आचाऱ्याला ती जमेना. तुम्ही याल का वहिनी, असं इतक्या गोड आवाजात विचारलं की मीही तितक्याच गोड आवाजात येते म्हटलं. जांभळी इरकली नेसले. तुझ्या बाबांनी एवढी नटून कुठे निघालीस विचारलं, तर स्वयंपाकाला, असं सांगितलं.

पेज मी जीव ओतून केली. वाईट करून तिची फजिती करणं सोपं होतं, पण झलेहाची पेज मी बिघडवायची? तांदूळ पार विरघळेपर्यंत ढवळला, कांदा कुरकुरीत तळला, मिरी शेवटी घातली. चाळीस बायकांसमोर चाळीस वाडगे गेले. सगळीकडून वाहवा सुरू झाली. निर्मलाजी म्हणून एका मोठ्या अधिकाऱ्याच्या पत्नी आहेत, त्यांनी मंजूषाला ती कहाणी स्वतःच्या तोंडून सांगण्याचा आग्रह केला. आणि ती उभी राहिली गं! पदराने डोळे टिपत तिने सगळं सांगितलं. भिंतीकडचं तोंड, चमचा, सगळं. दोघीतिघी रडल्यासुद्धा.

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. हात पुसले, पुढे गेले, आणि सगळ्यांना समजावं म्हणून हिंदीत तिला विचारलं की हे कोणत्या गावी घडलं. ती इपोह म्हणाली. कोणत्या महिन्यात, तर जुलै. हे दोन्ही मीच तिला सांगितलेलं होतं. मग मी तिला बाळाचं नाव विचारलं. आई आपल्या बाळाचं नाव मनात तरी ठेवतेच, ते काय ठेवलं होतंस, असं विचारलं.

तिने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. पार पांढरी पडली. मी थांबले. मुद्दाम थांबले, अबोली. चमच्यांचे आवाजसुद्धा बंद होईपर्यंत थांबले. मग सांगितलं की नाव बकुळ होतं, मुलगी माझी होती आणि झलेहा माझी मैत्रीण होती. ही बाई तिथे कधी नव्हती, हेही सांगितलं. निर्मलाजींनी मेनूकार्ड उलटं करून ठेवलं. तुझ्या वाटणीचं वाक्य म्हणून दारातून वळून एवढं म्हटलं की पेज पोटभर खा, ती खरी आहे.

रिक्षाने घरी आले आणि तुझ्या बाबांना पहिल्यांदा ते नाव सांगितलं. त्यांनी टीव्ही बंद केला. मला का नाही सांगितलंस एवढंच म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत माझा हात सोडला नाही.

सूड घेतल्यावर आत कुठेतरी खुपतं असं लोक म्हणतात. मला काही खुपलं नाही. तिचं ते उघडं तोंड मी दिवसातून दहादा आठवते आणि दहाही वेळा बरं वाटतं.

नोराला माझा निरोप दे, आणि मी अशी आहे हे कळूनही माया पातळ करू नकोस.

तुझी,
आई

*

चार इमली, भोपाळ
२१ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. रत्नावहिनींस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुम्ही फोन उचलत नाही, ते बरोबरच आहे. हे तुमच्यासमोर येऊन बोलायची माझी हिंमत नाही. माझं मराठी लिहिणं कच्चं आहे, आमच्या ग्वाल्हेरच्या शाळेत सगळं हिंदीतच होतं, तेव्हा चुका माफ करा. बाकी कशाची माफी मागत नाही, मागण्याजोगं काही ठेवलं नाही मी.

मेनूचं ते पान काढलं आहे. हॉटेलात तुमचं नाव लावायला गेले तर यांनी थांबवलं, आधी त्यांना विचार म्हणाले. किटीतल्या बायका आता मला पाहून रस्ता बदलतात. तेही ठीक आहे.

एक गोष्ट मात्र सांगायची आहे. ती ऐकून तुम्ही मला सोडून द्यावं म्हणून नाही. आम्हाला मूल नको होतं असं घरात सगळे समजतात. तसं नव्हतं. २००१ साली ग्वाल्हेरला एक गेलं आणि २००३ साली दुसरं. दोन्ही मुलगे. सासूबाईंनी कुठे बोलू नका म्हणून बजावलं होतं आणि यांनी ते पाळलं. दुसऱ्या वेळी तीन आठवड्यांनी दिवाळी होती. तुम्ही सगळे आलात. मी उभी राहून फराळ केला. शंकरपाळे करपले होते, आणि तुम्ही हसून विचारलंत की मंजूषाचं लक्ष आहे कुठे हल्ली. तुम्हाला माहीत नव्हतं, म्हणून तेव्हा राग नाही आला. नंतर आला. पुष्कळ वर्षं राहिला.

मागच्या वर्षी तुम्ही पेज ढवळत झलेहाची गोष्ट सांगितलीत तेव्हा मला तुमच्या दुःखाचा नाही, त्या चमच्याचा हेवा वाटला. तुमच्याकडे कुणीतरी आलं होतं. माझ्याकडे कुणी आलं नाही. गाडीतून घरी येताना मी ती गोष्ट मनात स्वतःवर घालून पाहिली. मग रोज पाहू लागले. मेनू छापणाऱ्याने काही कहाणी द्या म्हटलं, तर तीच तोंडातून निघाली. ती चोरी होती, हे मी मानते.

पण वहिनी, त्या दिवशी तुम्ही बाळाचं नाव विचारलंत. माझ्याकडे दोन नावं होती. दोन्ही ओठांवर आली. एकही उच्चारता आलं नाही, कारण तेही खोटंच समजलं असतं सगळ्यांनी. तुम्हीसुद्धा.

लोभ मागण्याचा हक्क मला नाही. पत्र फाडण्याआधी पूर्ण वाचावं, इतकंच.

आपली,
मंजूषा

*

इंद्रपुरी, भोपाळ
२५ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. मंजूषास,
आशीर्वाद. वि. वि.

पत्र पूर्ण वाचलं. दोनदा वाचलं. यांनाही वाचायला दिलं, त्याचा राग मानू नकोस. या घरात आता लपवाछपवी पुरे झाली.

तू जे छापलंस त्याची माफी मी तुला देणार नाही. आज नाही, पुढच्या वर्षी नाही, कदाचित कधीच नाही. हॉटेलात माझं नाव लावू नकोस आणि मला तिथे बोलावू नकोस. यशवंतभावजींना मध्यस्थीला पाठवू नकोस. त्यांची खाली घातलेली मान मला अजून दिसते.

मात्र चाळीस बायकांसमोर मी जो प्रश्न विचारला, त्याची माफी मी तुझ्याकडे मागते. तो तुला लागावा म्हणूनच विचारला होता, पण तो कुठे लागणार हे मला ठाऊक नव्हतं. काल संध्याकाळपर्यंत मी त्या क्षणावर खूश होते. आता तो आठवला की मला माझंच तोंड दिसतं. त्या दिवाळीचंही मला आठवतंय. शंकरपाळ्यांचा डबा मी सगळ्यांना फिरवून दाखवला होता. तू ते लिहिलं नाहीस.

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एकीच्या बदल्यात दुसरी मागू नकोस, मीही मागणार नाही.

गुरुवारी अकराच्या सुमाराला मी तुझ्याकडे येते. भावजी ऑफिसात असतील तेच बरं. काही रांधू नकोस, मीही काही आणणार नाही. तुझ्या दोन्ही मुलांबद्दल सांग. नावांपासून सुरुवात कर. जेवढा वेळ लागेल तेवढा मी बसून ऐकीन. मधेच हॉटेलचा विषय काढलास तर मात्र उठून जाईन.

लोभ राहील की नाही हे आत्ता लिहवत नाही. गुरुवारी दार उघड.

तुझी,
रत्नावहिनी