दोन रिंगा

शारजा, मंगळवार संध्याकाळ, १९९७

सईचा होमवर्क होता, 'पिक अप'ची पाच वाक्यं. बाबा स्कूलमधून पिक अप करतात, खेळणी पिक अप करायची, हिंदी नुसती ऐकून पिक अप होते. एवढ्या सगळ्याला एकच शब्द कसा पुरतो कोण जाणे. पाचवं वाक्य अडलं. म्हटलं थांब, आधी चिपळूणला फोन करतो.

आई आजारी पडल्यापासून आमचं ठरलेलंच आहे. रोज सातला दोन रिंगा द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. आई फोनजवळच बसलेली असते, पण उचलत नाही. उचलला नाही म्हणजे सगळं ठीक. पैसेही पडत नाहीत.

आज पहिल्याच रिंगला उचलला. धाकटा भाऊ, सुधीर. "दादा, आई..." एवढंच म्हणाला आणि रडायला लागला.

"बाबा, हू पिक्ड अप?" सईने विचारलं. काका, म्हटलं. तिने तेच पाचवं वाक्य म्हणून लिहून टाकलं.

पासपोर्ट कंपनीकडे आहे, तो मागायचाय. तिकीट बघायचंय. पण डोक्यात ते फोनजवळ बसणंच घोळतंय. रोज फोन केला मी. आईचा आवाज शेवटचा कधी ऐकला, आठवत नाही.