जप्त संगणक निदान चालू ठेवणेबाबत

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
सातवी पेठ पोलीस ठाणे, बेळगाव.

अर्जदार : शरद केशव हेर्लेकर, निवृत्त चित्रकला शिक्षक, वय ७१, रा. टिळकवाडी.

विषय : जप्त केलेला घरगुती संगणक परत मिळणेबाबत, ते न जमल्यास तो ठाण्यातच चालू ठेवणेबाबत, तेही न जमल्यास परिच्छेद ६ प्रमाणे.

संदर्भ : १) अर्जदाराने स्वतः होऊन भरलेला भाडेकरू माहिती फॉर्म, दि. १३ ऑक्टोबर २०२५. २) जप्ती पंचनामा, दि. २७ ऑक्टोबर २०२५. ३) याच विषयाचे आधीचे दोन अर्ज.

महोदय,

१. अर्जदाराची पत्नी सौ. प्रमोदिनी एकतीस वर्षे सरकारी कचेरीत होती, शेवटी हेडक्लार्क. संसारही तिने कचेरीसारखाच केला. दूधवाल्याला उद्या येऊ नको म्हणायचे तरी चिठ्ठी, आणि चिठ्ठीची प्रत घरात. अर्जात 'मी, मी' करू नये, 'अर्जदार' लिहावे, ही शिकवण तिचीच. तीन वर्षांपूर्वी तिला स्नायू निकामी करत नेणारा आजार जडला. आता उजव्या हाताची तर्जनी तेवढी हलते. एकदा उचलली की होय, दोनदा उचलली की नाही. यावर औषध निघालेले नाही, असे कॅम्पातल्या डॉक्टरांनी अर्जदारास बाहेर बोलावून सांगितले. ते तिने आतून ऐकले.

२. गेल्या वर्षी पुतण्या आशुतोष याने घरी येऊन एक सोय करून दिली. घरातला संगणक बहुतेक वेळ नुसता बसून असतो. तो रिकामा असताना त्याची ताकद संशोधकांना फुकट वापरू देता येते. परदेशातले एक संशोधन केंद्र गणिताचा तुकडा पाठवते, आपला संगणक तो सोडवून परत धाडतो, आणि अशी हजारो घरे जगभर या कामाला लागलेली आहेत. शरीरातल्या प्रथिनांच्या घड्या कुठे चुकतात हे त्यातून शोधतात; तिच्या आजाराचे मूळ तिथेच असावे म्हणतात. अर्जदारास यातले ओ की ठो कळत नाही. पण खाते तिच्या नावाने उघडले, संगणक तिच्या पलंगाच्या पायथ्याशी ठेवला आणि पडद्यावर सोडवलेल्या तुकड्यांचा आकडा वाढू लागला. निवृत्तीनंतर प्रथमच तिच्या नावावर काम जमा होत होते. सकाळी चहाआधी आकडा वाचून दाखवायचा, तिने बोट उचलायचे, की आमचा दिवस सुरू.

३. आता चूक. बाहेरच्या कुणाला घरातली वस्तू वापरायला दिली आहे, तर सरकारदरबारी नोंद हवी, असे तिच्या मनाने घेतले. अर्जदार अक्षरांच्या पाटीवर एकेक अक्षर दाखवतो, हवे तिथे ती बोट उचलते; तसे तिने 'कागद' एवढेच जुळवले. अर्जदारास त्यातल्या त्यात जवळचा छापील कागद मिळाला तो आपल्या ठाण्यातला भाडेकरूंचा. तो प्रामाणिकपणे भरला. भाडेकरूचे नाव : संशोधन केंद्र. मूळ गाव : परदेश. भाडे : नाही. राहण्याची वेळ : घरातले कुणी वापरत नसेल तेव्हा. हवालदार श्री. महादेव यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "काका, भाडं न घेता कोण ठेवून घेतंय हो? ह्यात कायतरी हाय." चौदा दिवसांनी पंच आले आणि संगणक गेला. अर्जदाराने आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, हे लेखी मान्य आहे.

४. तपासाबद्दल तक्रार नाही. अहवाल येईल तेव्हा येवो. पण तोवर संगणक मुद्देमालाच्या खोलीत नुसता पडून आहे आणि त्याच खोलीत खिडकीलगत चालू प्लग आहे. तो तिथे जोडून ठेवावा, एवढीच विनंती आधीच्या अर्जांत होती. लाखेचे सील बटणावर आलेले नाही, हे अर्जदाराने खिडकीतून पाहिले आहे. इंटरनेटसाठी अर्जदार आपला मोबाईल घेऊन दिवसभर खिडकीबाहेर उभा राहील. हिंडलग्याच्या तुरुंगात कैद्यांनाही काम देतात. या संगणकाला तर अजून शिक्षाही झालेली नाही.

५. बावीस दिवस ठाण्याच्या बाकावर बसून अर्जदाराने पाहिले आहे की आपल्या चार संगणकांपैकी एकाला कुणी हात लावत नाही, पडद्यावर सकाळपासून नुसते चित्रातले मासे पोहत असतात. त्यावर तिचे खाते उघडता येईल का, असे विचारले असता हवालदारसाहेब समजुतीने म्हणाले, "सायबांच्या कॉम्प्युटरला हात लावायचा न्हाय, काका. तुम्ही घरला जावा बघू. काकू एकट्या असतील." ते खरे आहे. एक संगणक बंद पडल्याने जगाचे संशोधन अडत नाही, हेही खरे आहे. अडले आहे ते आमच्या एका खोलीत.

६. संगणक नेला तेव्हा ती झोपेत होती. दुरुस्तीला दिलाय, असे अर्जदाराने सांगितले. तिने पाटीवर जुळवले : 'पावती'. अर्जदाराने कोपऱ्यावरच्या दुकानातून कोरे बिल आणून भरले आणि तिच्यापुढे धरले. तिने बोट दोनदा उचलले. शिक्का नव्हता. तेव्हापासून रोज सकाळी ती आधी पायथ्याच्या रिकाम्या जागेकडे बघते, मग अर्जदाराकडे. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात अर्जदाराने तिच्यापासून काही लपवलेले नाही. त्याला ते जमतही नाही. सबब, वरील दोन्ही विनंत्या अमान्य झाल्यास, संगणक दुरुस्तीस स्वीकारल्याची एक पोच आपल्या सहीशिक्क्यानिशी द्यावी. हे नियमात बसत नाही, हे तीच आपणास सर्वांत आधी सांगेल. परंतु तिला आता बारीक अक्षर दिसत नाही, गोल शिक्का तेवढा दिसतो.

७. मसुदा सोबत आहे. 'दुरुस्तीस लागणारा काळ' हा रकाना अर्जदाराने कोरा ठेवला आहे. तिथे आठ दिवसांपेक्षा जास्त लिहू नये. स्वतःचे किती दिवस उरले आहेत, याचा हिशेब तिने करून ठेवलेला आहे.

आपल्या बाकावरचा नम्र,
शरद केशव हेर्लेकर
दि. १८ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१. या अर्जाची कन्नड प्रत (शेजारच्या कु. भैरवी हिने करून दिलेली)
२. संगणकाची वायर, जप्तीत घरीच राहिलेली
३. पोचेचा मसुदा, फक्त सही, शिक्का व दिवस भरणे बाकी