बार्मथ, ऑगस्टपर्यंत नक्की

रविवार, १ फेब्रुवारी १९९८
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही, फक्त कामाला शिस्त लागावी म्हणून.
सद्यस्थिती: गाडी बासष्ट सालची. दोन सीटची, उघड्या टपाची, मूळ रंग हिरवा. गॅरेजमध्ये येऊन सात वर्षे झाली. सुटे भाग एकोणीस खोक्यांत. काम जवळजवळ संपलेले आहे, फक्त जोडायची राहिली आहे.

मंगळवार, ३ फेब्रुवारी
मेव्हिसला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे. डॉक्टर वयाने आमच्या मुलाएवढा असता, मूल असते तर. म्हणाला, नजरेचा मधला भाग जातो आहे. कडेचे दिसत राहील, समोरचे पुसत जाईल. औषध नाही. जे बघायचे असेल ते उन्हाळ्यापर्यंत बघून घ्या.
बसमध्ये तिने डॉक्टरची चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली. मग म्हणाली, "आपण बार्मथला जाऊन येऊ या, गॉर्डन. तो खाडीवरचा लांब पूल एकदा डोळे भरून बघायचाय." लग्नानंतरचा पहिला आठवडा आम्ही तिथे, वेल्सच्या किनाऱ्यावर, काढला होता. सदतीस वर्षे झाली.
मला रडू येत होते, पण बस भरलेली होती. तिथेच शब्द दिला: जाऊ, आपल्या गाडीने जाऊ, टप उघडून. ती म्हणाली, "ट्रेन पण जाते की तिथे." मी खिडकीबाहेर पाहिले.
एक चांगली गोष्ट झाली. आजवर गाडीला मुदत नव्हती, आता मिळाली.

रविवार, ८ फेब्रुवारी
वेळापत्रक तयार करून गॅरेजच्या भिंतीवर लावले. चार रंगांच्या पेन्सिली वापरल्या. मार्च: दारांखालचे उंबरठे. एप्रिल: रंग. मे: इंजिन. जून: बार्मथ. जुलै-ऑगस्ट राखीव, लागणार नाहीत.
दिवसभर वेळापत्रकातच गेला, त्यामुळे गाडीला हात लावला नाही.

रविवार, १ मार्च
मेव्हिसचा भाऊ अल्फ जेवायला आला. बीफ, भाजलेले बटाटे. जेवण झाल्यावर न विचारता गॅरेजमध्ये शिरला. गाडीखाली आडवा झाला, दाराखालच्या उंबरठ्याला स्क्रू-ड्रायव्हर टोचला. आरपार गेला. गंज आहे हे मला माहीत होतेच.
मग व्याख्यान. "हे बघ, छप्पर असलेल्या गाडीला छप्पर धरून ठेवतं. हिला धरायला हे दोन उंबरठेच. दाराच्या चौकटीत आधी आडवी सळई वेल्ड कर, मग काप. एका वेळी एकच बाजू. आणि गाडी चाकांवर उभी ठेव. नाहीतर मधनं वाकेल. मी दोन रविवार येतो, करून टाकू."
नम्रपणे नाही म्हटले. मीही अल्फच्याच मोटार कारखान्यात एकतीस वर्षे काढली आहेत. तो म्हणाला, "काढलीस रे, पण स्टेशनरी खात्यात. पेन्सिली वाटत होतास तू." मेव्हिस हसली. हसायची काही गरज नव्हती.
निर्णय: मेव्हिसला बार्मथ दाखवणार तो मी, अल्फ नाही.

रविवार, १५ मार्च
दोन्ही उंबरठे एकदम कापले. एका वेळी एक करण्यात महिना गेला असता. सळया लावल्या नाहीत, आत-बाहेर करताना गुडघ्याला लागतात. गाडी चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी तिवयांवर, मधोमध, उंच. खाली बसून काम करता येते. असा विचार अल्फला कसा सुचला नाही?
कापल्यावर गाडीने एक आवाज केला. हलकासा. कण्हल्यासारखा.

शुक्रवार, १० एप्रिल
वेल्डिंग सोपे आहे. पत्रा पातळ आहे, एवढेच. भोक पडते, भोकावर तुकडा लावला की तुकड्याला भोक पडते.

शनिवार, ११ एप्रिल
डाव्या भुवईचे जळलेले केस येतील म्हणे परत.

सोमवार, ४ मे
मेव्हिसने चहा ओतला तो कपाच्या शेजारी.   मी फडके आणले, पुसले. नंतर गॅरेजमध्ये जाऊन बराच वेळ नुसता बसलो. काम झाले नाही, पण इरादा पक्का झाला.

शनिवार, ६ जून
वेळापत्रकाप्रमाणे आज बार्मथला असायला हवे होते. मेव्हिसने ट्रेनची माहिती विचारून आणली होती, कागद चहाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. मी म्हटले, इतकी वर्षे थांबलो, आता ट्रेनने जाणे म्हणजे हार मानणे. ऑगस्टपर्यंत नक्की.
म्हणाली, "मला ऑगस्ट दिसेल ना रे?"
थट्टा करत असावी.

रविवार, २८ जून
मोठा दिवस. दोन्ही उंबरठे बसले. दारे लावून पाहिली. एका बोटाने उघडतात, एका बोटाने मिटतात. कारखान्यातही इतक्या सफाईने बसली नसतील. मुद्दाम अल्फला बोलावले.
त्याने दाराच्या फटीत बोट घालून वरपासून खालपर्यंत फिरवले. "वरची फट मोठी आहे, खालची बारीक. घोड्यांवर आहे तोवर मजेत राहील. चाकांवर उतरवलीस की कळेल."
माणसाला दुसऱ्याचे कौतुक करणे इतके जड का जावे?

रविवार, २ ऑगस्ट
इंजिन चालू झाले. अकरा सेकंद चालले. बार्मथला साडेतीन तास लागतात, म्हणजे सुरुवात झाली म्हणायची.
मेव्हिसला दाखवायला बोलावले. ती दारात उभी राहून मान जरा तिरकी करून बघत होती. अलीकडे असेच बघते. म्हणाली, "आवाज छान आहे."

रविवार, ३० ऑगस्ट
इंजिन आता चाळीस मिनिटे चालते. नवा टप बसवला. पुढच्या क्लिपा मिळाल्या नाहीत म्हणून चार बोल्ट मारले, बाहेरून. तात्पुरते. वेल्समध्ये पावसाचा भरवसा नाही, टप हवाच. कापड ढोलासारखे ताणून बसले आहे. हे माझे आजवरचे सर्वोत्तम काम.
ऑगस्टअखेर म्हणजे तसे पाहता सप्टेंबरचा पहिला आठवडाच.

मंगळवार, १ सप्टेंबर
मेव्हिसने जेवताना सांगितले: शनिवारी सकाळी सातला अल्फ व्हॅन घेऊन येणार, बार्मथ. "पुढे तीन सीट आहेत. तू मधे बस. मला खिडकी हवी." विचारले नाही, सांगितले.
बरे म्हटले. मनात वेगळेच. गाडी घोड्यांवरून उतरवायचीच काय ती राहिली आहे. शनिवारी सात वाजता अल्फची व्हॅन फाटकाशी येईल, आणि गॅरेजचे दार उघडून मी बाहेर येईन, हिरव्या गाडीतून. (हिरवा रंग अजून दिलेला नाही. प्रायमर राखाडी आहे. चालेल.)

शनिवार, ५ सप्टेंबर
सकाळी ५.५०. गाडी चाकांवर. मार्चनंतर प्रथमच. किंचित कुरकुरली. जुन्या गाड्या बोलतात.

६.२०. आत बसलो. ड्रायव्हरचे दार मिटेना. दोन्ही हातांनी ओढले तेव्हा खण्णकन बसले. पलीकडचे आधीच मिटलेले होते.

६.३५. दार उघडत नाही.

६.४०. पलीकडचेही नाही. काचा खाली करायची हँडले समोर बाकावर, बिस्किटांच्या डब्यात. काचेतून स्वच्छ दिसतात. टपाचे बोल्ट बाहेरून. पान्हाही तिथेच, डब्याशेजारी. कालपर्यंत ताणलेला टप आज सैल वाटतो. हवामान असेल.

६.५०. गाडी सुरू करून अशीच बाहेर काढावी, असा विचार आला. गॅरेजचे दार बंद आहे आणि ते बाहेरच्या बाजूला उघडते. विचार सोडला.

७.०५. व्हॅनचा हॉर्न. मेव्हिस बाजूच्या लहान दारातून डोकावली. ठेवणीतला निळा कोट. मी गाडीत आहे हे तिला दिसले की नाही कळले नाही. "गॉर्डन, येतोस ना?"
मी म्हटले, तुम्ही व्हा पुढे. जरासे काम उरले आहे, अर्ध्या तासात गाठतो तुम्हाला.
"नक्की?"
नक्की.
ती थोडी थांबली. "मधल्या सीटवर तुझा कोट ठेवला होता मी. काढून घरात ठेवते." गेली.
अडकलोय असे सांगायला हवे होते का? अल्फ आला असता. दारे बघितली असती. फटीत बोट घातले असते.

८.३०. पाय आखडले. गाडी बसायला आरामशीर आहे, ही नोंद महत्त्वाची.

१०.००. दाराच्या खणात चाकू सापडला. टपाचे कापड कापायला आणलेला, धारदार. टप कापला तर मिनिटभरात बाहेर. सव्वादहाची बस, पुढे ट्रेन. संध्याकाळच्या आत बार्मथ.
पण टप नवीन आहे.

१०.२०. बस गेली. आवाज ओळखू येतो.

११.३०. थर्मासमधला चहा संपला. थर्मास रिकामा झाला हे एका अर्थी बरेच झाले.

१२.४५. आता ते पुलावर असतील. ओहोटी असली तर वाळू दिसते, भरती असली तर पाणी पार डोंगरापर्यंत. सदतीस वर्षांपूर्वी मेव्हिसची टोपी त्या पुलावरून उडाली होती. मी आणायला धावलो होतो. तेव्हा विचार करत बसलो नव्हतो.

२.००. चाकू हातात घेतला. शिवण पाहिली. दुहेरी शिवण आहे, मीच घातलेली. चाकू ठेवला.

३.१५. फार एकटे वाटते.

७.४०. व्हॅन.

रविवार, ६ सप्टेंबर
कालचे राहिलेले लिहितो.
अल्फने समोरच्या काचेतून आत पाहिले. आधी मी दिसलो, मग शेजारच्या सीटवरचा चाकू. त्याने दारांच्या फटींकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्यानेच मी जास्त मेलो. खिशातला स्वतःचा चाकू काढला आणि टप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फाडला. मिनिटही लागले नाही. मला काखेत हात घालून उचलले. मेव्हिसला म्हणाला, "याच्याकडे चाकू होता," आणि घरी गेला.
स्वयंपाकघरात मेव्हिसने मला तळलेल्या बटाट्याच्या चिप्स गरम करून दिल्या. तिकडून आणल्या होत्या. विचारले, "सकाळी हाक मारली तेव्हाच अडकला होतास?" हो म्हटले. "मग सांगितलं का नाहीस?" मी चिप्सवर मीठ भुरभुरले. "आणि चाकू होता तर कापलं का नाहीस?" म्हटले, टप नवीन होता.
ती मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेने माझ्याकडे बघत राहिली. मी पूल कसा होता ते विचारले. 
"दोन्ही टोकं दिसली. हे एक आणि ते एक. मधला पूल नाही दिसला. अल्फ सांगत होता कसा आहे ते."
फेब्रुवारीत दिसला असता, असे ती म्हणाली नाही. जूनमध्येही बराचसा दिसला असता. ट्रेनच्या माहितीचा तिचा कागद अजून चहाच्या डब्याला टेकलेला आहे. आज वाचला. आमच्या कॉव्हेंट्रीहून सकाळी निघाले तर दुपारी बार्मथ, एकदा गाडी बदलून.