सोनेरी बॅटरी

३ ऑक्टोबर, बुधवार

गिलांगचा शर्ट धुवायला घेतला, नाकाशी धरला — लवंगेचा वास नाही! स्ट्रॉबेरीचा! माझा मुलगा, बत्तीस वर्षांचा घोडा, मालाचा ट्रक चालवतो, आणि अंगाला स्ट्रॉबेरीचा वास!

हे गेले तेव्हापासून मी त्याला सांगत होते, सोड रे आता. रडून सांगितलं. जेवण टाकून सांगितलं. यांच्या कबरीवर फुलं वाहताना सांगितलं. "हो इबू, सोडतो," असं आईला म्हणायचा आणि मागच्या अंगणात जाऊन लवंगेची सिगारेट, क्रेतेक, पेटवायचा. आणि ही लारास! लग्न होऊन या घरात आली, तिच्या वेपच्या दुकानातून ती वाफ ओढायची डबी घेऊन आली — आणि सुटली.

मला आनंद व्हायला हवा. झालाय. पण माझ्या शब्दाने का नाही?

४ ऑक्टोबर, गुरुवार

क्रेतेकच्या कारखान्यात शेजारी वळत बसणाऱ्या यायुकने सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असं विचारलं, "सून आणलीस की मांत्रिकीण गं? मुलाची क्रेतेक महिन्यात सोडवली!" पलीकडून कुणीतरी, "अशा चार सुना आपल्या कुदुस गावात आल्या की आपण वळायच्या कुणासाठी? बसा घरी!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पुढच्या दोन सैल वळल्या गेल्या, मोडून टाकाव्या लागल्या.

७ ऑक्टोबर, रविवार

त्या डबीत बॅटरी असते, बोटाएवढी जाड. लारासने त्याला दोन निवडून दिल्यात, हिरव्या. एक आत, एक चार्जरवर. आतली संपली की हा नुसता हात पुढे करतो, आणि ती भरलेली बॅटरी तळव्यावर ठेवते. बोलणं नाही. एकमेकांकडे बघणंसुद्धा नाही.

असाच मी यांच्या हातात चहाचा ग्लास द्यायची. हे वर्तमानपत्रातून डोकं वर काढायचे नाहीत, हात तेवढा पुढे यायचा.

मला तिथे उभं राहवेना. सोयाबीनचे टेंपे तळायला गेले. करपवले.

९ ऑक्टोबर, मंगळवार

जेवताना गिलांग म्हणाला, "सेमारांगच्या वाटेवर दोन्ही बॅटऱ्या संपतात. मग टपरीवर बाकीचे ड्रायव्हर पाकीट पुढे करतात. काल हात गेलाच होता."

लारास म्हणाली, "गेला होता ना? परत आला ना? मग झालं!" तो हसला. मी सांगितलं असतं तर ताटावरून उठला असता.

मी ठरवलं. न संपणारी बॅटरी मी देणार त्याला. मी निवडलेली.

११ ऑक्टोबर, गुरुवार

वाचायला बसले. शाळा माझी चौथीपर्यंत, पण छापलेलं समोर आलं की मी सोडत नाही — लवंगा बांधून आलेला कागदसुद्धा उलगडून वाचते. फोनवर बॅटऱ्यांबद्दल पुष्कळ आहे. एवढं कळलं: वर आकडा असतो, आकडा मोठा तर जास्त वेळ चालते. पुढे अँपिअर का काय ते होतं. डोकं दुखायला लागलं, सोडून दिलं. यांना विचारलं असतं. यांना विजेचं कळायचं.

लारासच्या हिरव्यांवर तीन हजार आहे.

१४ ऑक्टोबर, रविवार

बाजारात गेले. फोनची कव्हरं विकणारा एक पोपटासारखा बोलतो, त्याच्याकडे बॅटऱ्याही होत्या. म्हटलं, वेपची दाखव, मोठ्या आकड्याची. त्याने मला आपादमस्तक पाहिलं. "बू, तुम्ही ओढता?" "मुलासाठी रे मेल्या!" मग सोनेरी कागदात गुंडाळल्यासारखी एक काढली. नऊ हजार! तिच्या तिप्पट!

हातात घेतली. हिरवीपेक्षा हलकी. "हलकी कशी?" "नवीन शोध आहे बू. जड ते सगळं जुनं झालं." बरंच की, खिसा ओढला जाणार नाही.

क्षणभर वाटलं, लारासला फोन करून विचारावं. तिचं तर दुकानच आहे. पण तिला विचारायचं? जीव गेला तरी नाही!

१५ ऑक्टोबर, सोमवार

दिली! गिलांग किती वेळ उलटीसुलटी करून बघत होता. "इबू, तू निवडलीस? तू?" माझा हात घेऊन कपाळाला लावला. लहानपणी शाळेला निघताना लावायचा तसा.

मी मात्र तिच्याकडे बघत होते. तिने बॅटरी तळव्यावर ठेवली, हळूच वरखाली केली. चेहरा उतरला. मग म्हणाली, "रंग सुंदर आहे, इबू." बस, एवढंच! तो आत घालायला निघाला तर हातातून काढूनच घेतली. "आज नाही. पहिल्यांदा दुकानातल्या चार्जरवर लावते, उद्या आणते." "अगं, पण—" "नाही म्हटलं ना!"

त्याच्यावर आवाज चढवताना तिला आज पहिल्यांदा ऐकलं. जळली! देवा क्षमा कर, पण मला फार बरं वाटलं.

१७ ऑक्टोबर, बुधवार

सोनेरी त्याच्या डबीत. "जरा घट्ट बसते, पण झकास चालते," म्हणाला. झकास!

२५ ऑक्टोबर, गुरुवार

कबरीवर गेले. गुलाब, जाई. सांगितलं यांना, तुमचा मुलगा माझ्या बॅटरीवर चाललाय. मग तिथे बसून रडले. का ते माहीत नाही. यांनी आयुष्यभर माझ्याच कारखान्याच्या ओढल्या. "तुझ्या हातच्या असतील यात," म्हणायचे आणि पाकीट फोडायचे. खोकताना मी पाठीवरून हात फिरवायची, त्याच हाताने.

घरी आले तर चार्जरवर हिरवी एकच. दुसरी गं कुठे? "दुकानात राहिली असेल, इबू." दुकानातला खिळान्खिळा माहीत असणारी ही मुलगी! "वस्तू जपाव्यात," म्हटलं तिला. गोड आवाजात.

२ नोव्हेंबर, शुक्रवार

आज पुन्हा वाचायला बसले. अँपिअर शिकून घ्यायचं आणि रात्री त्याच्यासमोर तिच्याशी त्यावर बोलायचं, असं मनात होतं. म्हणून या वेळी शेवटपर्यंत वाचलं.

एवढ्याशा बॅटरीत नऊ हजार मावतच नाही. जगात कुणी बनवलेली नाही. तसा आकडा असेल ती नकली. आत जुनाट माल, वर चकचकीत आवरण. वजनाला हलकी असते. वेपमध्ये घातली तर तापते. काही फुटतात. खिशात. तोंडाशी.

पुन्हा वाचलं. तेच लिहिलेलं होतं.

गिलांग सेमारांगच्या रस्त्यावर आहे. फोन लावते, उचलत नाही. पुन्हा लावते. चालवत असेल. चालवतच असू दे. आधी बाप, आणि आता — नाही, लिहिणार नाही.

लारास येऊन गेली. "इबू, सोतोचा रस्सा गरम केलाय, चला ना." भूक नाही म्हटलं. तिला सांगायला हवं होतं, ती काहीतरी करू शकली असती. ती समोर उभी होती आणि माझी जीभ रेटली नाही. आत्तासुद्धा! मुलगा तिकडे, आणि इकडे मला सुनेपुढे खोटं पडायची लाज!

आला फोन. टपरीवर थांबलाय, सकाळी पोचतो म्हणाला. म्हटलं, वेप ओढू नकोस. "का गं?" काय सांगू? म्हटलं, वाईट स्वप्न पडलं. हसला.

३ नोव्हेंबर, शनिवार

आला. धडधाकट. अंघोळीला गेला तशी मी डबी उघडून बॅटरी काढली. जड! जन्मभर क्रेतेक वळलेली बोटं आहेत माझी, वजन चुकत नाही; मी आणलेली बॅटरी ही नव्हे. नखाने कड उचलली. सोनेरी फाटलं. खाली हिरवं.

"इबू, ओढू नका, आणखी फाटेल." लारास दारात. "तुमची मी दुसऱ्याच दिवशी दुकानात काढून टाकली आणि माझ्या हिरवीवर सोनेरी आवरण चढवलं. नुसती आवरणंही मिळतात, असाच तर धंदा चालतो नकलीवाल्यांचा. माझ्याकडे अजून एक आवरण आहे." पर्समधून काढलं. तेच सोनेरी, तोच नऊ हजारांचा आकडा. केस वाळवायचं यंत्र लावलं. "त्याला कळायला नको. फार खूश आहे तो. धरा, गोल फिरवत राहा, म्हणजे गरम हवेने आक्रसून चापून बसेल."

मी फिरवायला लागले. न्हाणीघरातला पाण्याचा आवाज थांबला. "लवकर, इबू!" ती म्हणाली, आणि आम्ही दोघींनी दाराकडे पाठ केली.