नमुन्याच्या दोन पिशव्या

लातूर, रविवार

आदरणीय साहेबराव दाजींना रामकिशनचा मनापासून जय भीम. पंचफुलाताईचा गुडघा आणि तुमचा खोकला कसा आहे? किनवटच्या विहिरींना अजून पाणी आहे हे ऐकून जीव सुखावला आणि थोडा जळलाही. मी खुशाल आहे, निदान गुरुवारपर्यंत.

झालं असं, की जिल्हा नवा, प्रयोगशाळा नवी आणि मीही नवा (सहा महिन्यांच्या बोलीवर, ते गुरुवारी संपतात). प्रयोगशाळेच्या साहेबांनी मला तेल गिरणीच्या धुराड्यावर चढवलं. तिथं करडईच्या पेंडीतलं उरलंसुरलं तेल पेट्रोलसारख्या रसायनानं काढतात. त्याची वाफ हवेत किती जाते ते आम्ही मोजायचं. वाफ दिसत नाही, हाती लागत नाही, तरी पिशवीत भरायची. एक पिशवी वाफ थंड करणाऱ्या यंत्राच्या आधीची, एक नंतरची. पंपानं दोन्ही फुगवल्या, तोट्या बंद केल्या. (दोन्ही अगदी सारख्या दिसत होत्या. आधी मला ते चमत्कारिक वाटलं, मग बरोबर वाटलं, आता काहीच वाटेनासं झालंय.) परत आलो तर साहेब प्रयोगशाळेची किल्ली घेऊन नांदेडला दौऱ्यावर. म्हणून पिशव्या खोलीत खुंटीला अडकवल्या.

आज सकाळी मी दाढी करायला गेलो आणि नऊ दिवसांनी टँकर आला. टँकर आला की आमच्या गल्लीत रिकामं काही दिसता कामा नये. तांबे, तेलाचे डबे, पिठाची परातसुद्धा भरतात. घरमालकीण सरजाबाईंनी माझ्या पिशव्यांतली हवा सोडली आणि नरसाळं लावून दोन्ही तुडुंब भरल्या. मी कपाळावर हात मारला तर म्हणाल्या, "वारं भरून ठेवून राहिलास व्हय? लई शिकलास." वर पाण्याला वास येतो म्हणून मलाच बोलल्या. ते आता भांडी घासायला राखून ठेवलंय. ओतून द्या म्हणायची माझी छाती नाही. दुष्काळात कुणाची असेल? गुरुवारी नमुने दाखवले नाहीत तर नोकरी गेली, आणि आईनं मी कायम झाल्याचे पेढे आधीच वाटलेत. मला फार भीती वाटते, दाजी.

तुमचा,
रामकिशन

ता. क. : भरलेले दोन डबे दिले तरच पिशव्या सोडीन, असं सरजाबाई म्हणतात. बुधवारी किनवटहून पाणी घेऊन याच. पिशव्या सुटल्या की मी पुन्हा धुराड्यावर चढतो.

पुन्हा ता. क. : ताईला सांगू नका. आधीची कोणती, नंतरची कोणती, ही चिठ्ठी पिशव्यांना लावायची मी वरच विसरलो होतो, आणि उतरताना त्यांची अशी सरमिसळ झाली की मलाच ओळखू येईना. हे साहेबांना कसं सांगावं याच काळजीत सकाळी दाढीला बसलो होतो. आता सांगायची गरज उरली नाही. सरजाबाईंसाठी दोन नको, तीन डबे आणा.